एका हाताची म्हैस

म्हशीला सण नसतो आणि सुतकही नसतं. पहाटे एक धार, दिवस मावळताना एक. मधल्या वेळात शेण काढायचं, शेणी थापायच्या, बांधावरचा चारा कापून भारा डोक्यावर आणायचा, नदीला नेऊन तिला घासायचं. लग्नानंतरची पहिली वर्षं आठवायला बसले की माणसांच्या आधी मला खांद्यातली कळ आठवते.

माझं सासर कोल्हापूरपासून कोसभरावर. तेव्हा थोरल्या महाराजांचं राज्य होतं. शहरात पेठापेठांतून तालमी होत्या आणि पैलवानांना दूध लागे. आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, रोज सकाळी चरवी घेऊन एका तालमीत दूध घालून येत. जमीन थोडकी, बैलांची एक जोडी आणि दुधाला एकच म्हैस. घरचं तेल-मीठ त्या म्हशीवर चाले.

ती म्हैस माझ्या हाताशिवाय पान्हा सोडत नसे. दुसरं कोणी सडाला हात लावला की दूध वर चोरून धरी आणि पाय झाडी. ती आटली की महिना-दोन महिने मला मोकळीक मिळे, तेवढ्यात मी माहेरी जाऊन येई. एरवी एक रात्रसुद्धा घर सोडता येत नसे. गावातल्या बायका म्हणत, सुनेच्या हाताला गुण आहे. मी मान खाली घालून ऐकून घेई. चार माणसांत तोंड उघडायला मला अजूनही जमत नाही.

खरं काय ते या वहीत लिहिते. ही कोणाच्या हाती द्यायची नाही.

मी तेराव्या वर्षी या घरात आले, चौथी पास होऊन. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तोंडाने तिखट. "बुकं शिकून आलीया, भाकरी थापायला काय मास्तर येनार हाय व्हय?" असं दिवसातून दोनदा तरी ऐकावं लागे. त्याच वर्षी म्हैस पहिल्यांदा व्याली. धार आत्याबाई काढत, त्यांचे हात दुखले की मी. एके दिवशी बसण्याआधी मी गुळाचा खडा तळहातावर धरला. तिने तो चाटून घेतला आणि असा पान्हा सोडला की चरवीवर फेस आला. मग मी रोज एक खडा पदराच्या गाठीत नेऊ लागले. आत्याबाई बसत त्या दिवशी खडा नसे, आणि म्हैस त्याची वाट बघत दूध धरून ठेवी. चार-सहा महिन्यांत त्या कंटाळल्या आणि बसायच्या बंद झाल्या.

त्यानंतर एका संध्याकाळी त्या मामंजींना म्हणाल्या, "आधी तिला जेवू द्या, धार काढायची हाय." मला अजून मूल नव्हतं, घरात माझं म्हणावं असं काही नव्हतं. त्या एका वाक्यासाठी मी तीन वर्षं गूळ चोरला. मडकं लवकर तळ गाठी आणि आळ मामंजींवर जाई. "म्हातारपनी दात पडायलं तरी गूळ सुटंना," असं आत्याबाई त्यांना म्हणत, आणि ते बिचारे देवाची शपथ घेत.

माझं माहेर गडहिंग्लजच्या पलीकडे, कानडी मुलखाला लागून. तिकडे आईला अव्वा म्हणतात. आमच्या गावचे एक चाचा दर आठवड्याला मिरच्यांची गाडी घेऊन कोल्हापूरच्या बाजाराला येत. माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली त्या साली, म्हैस तिसऱ्यांदा व्यायल्याला दोन महिने झाले होते तेव्हा, ते आमच्या दारात आले.

"लेकी, अव्वाला बरं न्हाई. दम लागतोय, उठवत न्हाई. पर तोंड चालू हाय, सारखं तुझंच नाव. उद्या पहाटं गाडी निघंल, चल."

आत्याबाई लगेच म्हणाल्या, "जा की. आई हाय तुझी." मग त्यांची नजर गोठ्याकडे गेली. "पर हिचं काय करायचं?"

"दोन येळा धार निघाली न्हाई तर कासंचा दगड हुईल," मामंजी म्हणाले. "मग बसा बोंबलत."

"मी काढतो," माझे मालक म्हणाले. "तुझं लुगडं दे हिकडं."

ते माझं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन गोठ्यात आले, तेव्हा शेजारच्या दोघी-तिघी कुंपणाशी जमल्या होत्या.

"आली बघा धाकली सून!"

"अवो सूनबाई, मिशी तरी झाका की!"

म्हशीने मान वळवून त्यांना वरपासून खालपर्यंत हुंगलं. पहिली चिळकांडीही निघाली नाही. लाथ बसली, चरवी गव्हाणीपर्यंत गडगडत गेली आणि मालक लुगड्यात पाय अडकून शेणात बसले. सगळ्या हसल्या. मलाही पदराआड हसू आलं. मग मी खाली बसले, गुपचूप खडा दिला आणि धार काढली. पहाटे चाचांची गाडी माझ्यावाचून गेली.

तो आठवडा आत्याबाईंनी हरप्रकारे करून पाहिलं. पारडू पुढे बांधलं, सरकी दाखवली, माझा वास यावा म्हणून माझी चोळी मांडीवर घेतली. म्हैस बधली नाही. मी खांबाला टेकून बघत राहिले. एक शब्द बोलले असते तर झालं असतं. सहज सुचल्यासारखं, 'गूळ देऊन बघा' म्हणता आलं असतं. पण गुळाचं नाव निघालं की मडकं आठवणार, आणि आत्याबाई माझ्या तोंडाकडे बघणार. त्या बघण्यापुढे माझं खोटं टिकलं नसतं. रोज पहाटे ठरवायचे, आज सांगायचं. आणि रोज दिवस मावळताना मीच चरवी घेऊन बसायचे.

दुसरा बाजार आला. चाचा दारात उभे राहिले, खाली बसले नाहीत.

"अजून बोलतीया. पर आवाज खोल गेलाय, लेकी."

मी गाडीत बसले नाही. गाडी वळणाआड गेली तेव्हा आत्याबाई माझ्याशेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्याच हाताला गुण न्हाई. तुला आईकडं धाडवंना." त्यांचे डोळे भरले होते. त्या स्वतःला दोष देत होत्या, ते मात्र मला सहन झालं नाही.

मी पदराची गाठ सोडून खडा त्यांच्या हातावर ठेवला. म्हटलं, "हिला ह्याची सवय हाय. मीच लावली. पयल्या सालापास्नं."

त्या खड्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता हात उचलतील.

"म्हंजी तीन सालं मी ह्या म्हाताऱ्याला गूळचोर म्हनतोय, ते फुकटच की गं?"

मी मान डोलावली.

"आन् आठ दिस मी लाथा खात हुतो ते बघत हुबी ऱ्हायलीस?"

त्या आत जाऊन चरवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "चल. कसं देतीस ते दाव."

त्यांनी का केलंस म्हणून विचारलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं असं कधीकधी वाटतं.

खडा दिला म्हणून म्हैस काही लगेच वळली नाही. पहिले दोन दिवस खडा आत्याबाईंनी दिला आणि सडाला हात माझा. मग हात त्यांचा, आणि मी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी. मग मी पाऊलभर मागे, मग दाराशी, मग दाराबाहेर. तिथून ऐकायचे, चरवीत धार वाजते की नाही. सातव्या दिवशी मी घरामागच्या परड्यात होते आणि धार वाजली. पूर्ण नाही, निम्मी. आत्याबाई आतून ओरडल्या, "बांध गं तुझं बोचकं!"

तिसऱ्या बाजाराच्या गाडीने मी निघाले. दोन दिवसांची वाट. घाटात बैल थकले तसे आम्ही उतरून चाललो.

अव्वा खाटेवर होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात निर्जीव. वैनीने माझ्या पायांवर पाणी घातलं आणि सांगितलं, "चार दिस झालं, अंगावरनं वारं गेलं. तवापास्नं बोलनं बंद हाय. त्येच्या आदी गप बसत नव्हत्या."

मी विचारलं, "काय म्हनत हुती?"

"तुजंच. कुनी इचारलं, लेक कशी आली न्हाई, की म्हनायच्या, तिच्या हाताबिगर तिथली म्हस पान्हा सोडत न्हाई, घर अडतंय तिच्यावाचून, ती कशी येनार? समद्या गल्लीला सांगून झालंय."

मी खाटेशी बसले. अव्वाचे डोळे चालू होते. तिने मला ओळखलं. डावा हात उचलून तिने माझा हात घेतला, उलटा करून तळवा वर केला आणि त्यावर अंगठा फिरवत राहिली. मग माझ्याकडे बघून घशातून काहीतरी आवाज काढला. वैनी म्हणाली, "म्हशीचं इचारतात वाटतं. कशी सोडून आली म्हनून."

घरी त्या वेळी आत्याबाई धारेला बसल्या असतील. दोन दिवस प्रवासात मी मनाशी जुळवत आले होते की अव्वाला सगळं सांगायचं, गुळापासून. तिला सांगायला मला कधी लाज वाटली नव्हती.

"अव्वा," मी म्हटलं, "मी परत जाईपातूर समदं दूध पारड्याला सोडलंय. माझ्याबिगर ती देत न्हाई."

तिने डोळे मिटले आणि माझा हात तसाच धरून ठेवला.