पिझ्झावाल्या मावशी शहरात येतात

गावाच्या बसस्टँडसमोर मावशींचं पिझ्झाचं दुकान होतं आणि आसपास दुसरं नव्हतं. त्यामुळे गावाच्या लेखी पिझ्झा म्हणजे मावशींचा. जाड, गुबगुबीत, वर गोडसर टोमॅटोचा सॉस, त्यावर कांदा, ढोबळी मिरची, मक्याचे दाणे, आणि या सगळ्या गर्दीवर चीजचं पांघरूण. एक खाल्ला की माणूस संध्याकाळपर्यंत भुकेचं नाव काढत नसे. मावशी हे सगळं एका मासिकातला फोटो बघून शिकल्या होत्या. आता फोटोला काही चव नसते. तेव्हा चवीचं काय ते त्यांनी स्वतःच्या अकलेने ठरवलं, आणि गावाने ते बोटं चाटत खाल्लं. दुसऱ्या कुणाच्या हातचा पिझ्झा मात्र मावशींनी जन्मात चाखला नव्हता.

शहरात त्या निघाल्या त्या दोन कामं मनाशी धरून. एक म्हणजे शहरातला सगळ्यात चांगला पिझ्झा खायचा आणि आपण कुठे आहोत ते एकदाचं बघायचं. आणि दुसरं, लेकीला घरी परत आणायचं. पीठ मळून मळून मावशींचा उजवा खांदा कामातून गेला होता. रात्री कूस बदलताना जीव जायचा. एकुलती एक लेक शिकायला म्हणून शहरात गेली, शिकून झाली, नोकरीला लागली, आणि 'येते, येते' म्हणत तिथेच राहिली. मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "हा सगळा पसारा लेकीसाठीच तर मांडलाय. ती आली की मी सुटले."

दुकान नवऱ्याच्या हवाली करून त्या गाडीत बसल्या. त्या बिचाऱ्याने एवढंच विचारलं, "अगं, मीठ कुठल्या डब्यात?" "ज्या डब्यावर मीठ लिहिलंय त्या!" मावशी म्हणाल्या. गाडी हलली.

लेकीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एक पलंग, एक खिडकी, खिडकीत दोन कुंड्या, आणि स्वयंपाकघर एवढंसं की दोघी एकदम आत गेल्या तर एकीला श्वास धरावा लागे. मावशींनी आल्या आल्या गॅसची शेगडी घासून लख्ख केली, लेकीच्या गालावरून हात फिरवला, "किती गं वाळलीस" म्हणाल्या, आणि पाणीसुद्धा न पिता विचारलं, "बोल, इथला सगळ्यात भारी पिझ्झा कुठे मिळतो?"

लेक जरा घुटमळली. मग म्हणाली, "नेते ना. उद्या."

दुसऱ्या दिवशी ती आईला एका मोठ्या काचेच्या दुकानात घेऊन गेली. खुर्च्या लालभडक, भिंतीवर माणसाच्या उंचीचे फोटो, आणि गिऱ्हाईक म्हणाल तर या दोघीच. पिझ्झा आला. चीज गार पडून रबरासारखं झालेलं, खालचा पाव म्हणजे पुठ्ठा. मावशींनी एक घास चावला, चावला, बराच वेळ चावला.

"कसाय?" लेकीने विचारलं. तिची नजर आईच्या तोंडावरून हलेना.

"यापेक्षा आपला बरा," मावशी म्हणाल्या, आणि लेकीचा जीव भांड्यात पडला. मावशी मात्र फुलून गेल्या. नवऱ्याला फोन लावला. "अहो, इथे काही नाही हो! नुसता झगमगाट! आपलाच वरचढ!"

नवरा म्हणाला, "ते आपण जाणतोच. ओव्हन बंद कसा करायचा?"

त्यानंतर आणखी एक दुकान झालं. तिथे सॉस म्हणजे नुसतं बाटलीतलं केचप. मग आणखी एक, तिथला पाव कच्चाच राहिलेला. दर वेळी लेक आईचं तोंड बघायची, दर वेळी मावशी नाक मुरडायच्या, आणि दर वेळी खाता खाता विचारायच्या, "मग कधी येतेस? सामानसुमान फार नाहीये तुझं. मीच बांधून देते." लेक म्हणायची, "आई, पाणी हवंय का?" हे काही उत्तर झालं नाही. पण मावशी जिंकण्याच्या तोऱ्यात होत्या, त्यांनी ते सोडून दिलं.

रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. ऐन जेवणाच्या वेळी ही सगळी दुकानं रिकामी कशी? एवढं मोठं शहर, एवढी माणसं, सगळ्यांना भूक लागणारच की. रिकामं दुकान म्हणजे काय ते दुकानदाराच्या बायकोला शिकवावं लागत नाही, आणि मावशी तर स्वतःच दुकानदार. शहरातली सगळी भिकार दुकानं आपली पोरगी नेमकी निवडून काढते, याला योगायोग म्हणायचं तरी किती?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या न सांगता लेकीच्या कामावर जाऊन धडकल्या.

एका जिन्यावरून वर गेलं की लांबट खोली होती. कमी ऐकू येणाऱ्यांची यंत्रं तिथे मिळायची आणि लेक त्या यंत्रांचे कानात बसणारे साचे बनवायची. एक आजोबा खुर्चीत मान कलती करून बसले होते. लेकीने त्यांच्या कानात गुलाबी लगदा हलकेच भरला, "आजोबा, जबडा हलवू नका हं, गप्पा नंतर मारू" म्हणाली, आणि लगदा घट्ट व्हायची वाट बघत थांबली. मग बोटाने चाचपून तिने तो अख्खाच्या अख्खा अलगद बाहेर काढला. कानाच्या आतली प्रत्येक घडी त्यावर उमटलेली! शेजारच्या टेबलावर एक तयार झालेला साचा होता. तो तिने दिव्यासमोर धरला, कड जराशी घासली, पुन्हा धरला, पुन्हा घासली. दारात आई उभी आहे याचा तिला पत्ताच नव्हता. मावशीही मुकाट उभ्या राहिल्या. पोरगी जिभेचं टोक दातांत धरून काम करत होती, आणि चेहरा असा की आता हिला कुणी हाक मारू नये.

हाक मारली ती तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने. "अगं, आई आली वाटतं तुझी! या ताई, बसा. पिझ्झावाल्या ना तुम्ही? मग मागच्या गल्लीतल्या भट्टीवाल्याकडचा खाल्लात की नाही? ही तर दर आठवड्याला तिथेच. आम्हा सगळ्यांना हिनेच तर चटक लावली!"

लेकीने मान वर केली नाही. पण तिचे कान लाल झाले, आणि दिवसभर कानच बघणाऱ्या त्या खोलीत ते कुणाच्या नजरेतून सुटणार?

"नाही खाल्ला," मावशी म्हणाल्या. "आज खाणार आहे."

मागची गल्ली जवळच होती. दोघी चालत गेल्या. दुकानाबाहेर माणसं भिंतीला टेकून नंबराची वाट बघत होती. आत मोजकी टेबलं, कोपऱ्यात विटांची भट्टी, भट्टीत लाकडं धडधडत होती. भट्टीवाल्याच्या भुवयांना पीठ लागलं होतं. लेकीला बघून तो हसला. "नेहमीचा?"

"दोन," मावशींनी उत्तर दिलं.

पिझ्झा आला तेव्हा मावशी आधी चिडल्याच. "हे काय? वर काहीच नाही! विसरला का घालायला?" पातळ पोळी, लाल टोमॅटो, चीजचे चार पांढरे ठिपके, दोन-तीन हिरवी पानं, आणि कड जागोजागी करपलेली. ना कांदा, ना मिरची, ना मका. मावशींनी तुकडा उचलला आणि खाल्ला.

कड आधी कुरकुरली आणि आतून मऊ निघाली. टोमॅटोला टोमॅटोचीच चव होती. मावशींनी तो तुकडा संपवला, मग दुसरा संपवला, मग बशीतल्या करपलेल्या कडाही वेचून खाल्ल्या. लेकीने आपल्या पिझ्झाला हात लावला नव्हता. ती जन्मठेप ऐकायला बसल्यासारखी बसली होती.

"माझ्यापेक्षा चांगला आहे," मावशी म्हणाल्या. "बराच चांगला आहे."

"आई, तुझाही..."

"गप. लाडीगोडी नको. एवढी वर्षं मी लोकांना काय खाऊ घातलं कोण जाणे! पण हे खाल्लं नसतं तर तशीच मेले असते की नाही, वरचढ, वरचढ करत? सगळं शहर पालथं घालून मला मुद्दाम भिकार पिझ्झे खाऊ घातलेस?"

लेकीने 'हो' म्हणून मान डोलावली.

"का?"

"तुला वाईट वाटेल म्हणून. आणि..." तिने पाण्याचा पेला हातात फिरवला. "तुला हा आवडला तर तू म्हणशील, चल, आपणही असाच काढू, तू शिकून घे, तू ये. मग मला नाही म्हणताच आलं नसतं."

भट्टीवाल्याने लांब दांड्याच्या फावड्यावर कुणाचा तरी पिझ्झा बाहेर काढला. बाहेरचं कुणी तरी नंबर आला म्हणून आत आलं.

"म्हणजे तू यायची नाहीस."

"नाही, आई. मला इथलं काम आवडतं. दुकान नकोय मला." आणि पोरगी रडायलाच लागली. चांगली नाक ओढत, शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली तरी.

मावशींना वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. एवढी सगळी वर्षं एकदम अंगावर आली, पहाटेची पिठं, सुजलेला खांदा. पण मघाशी दारात उभं राहून पाहिलेलं पोरीचं तोंड काही डोळ्यांपुढून हलेना. त्या तोंडाला हाक मारायची त्यांची स्वतःचीच हिंमत झाली नव्हती.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "दुकान तुझ्यासाठी काढलं म्हणते मी, ते खोटंय. तू तेव्हा रांगत होतीस, तुला कसलं दुकान हवं होतं! मला हवं होतं. घरात बसून माझा जीव गुदमरत होता. सकाळी दुकानाची फळी वर केली की मी राणी व्हायचे, अजूनही होते. पण बाईमाणसाने स्वतःसाठी काढलं म्हटलं तर लोक नावं ठेवतात. लेकीसाठी म्हटलं की सगळे गप्प. म्हणून तुझं नाव लावलं. तू घे आता काढून."

लेक रडता रडता हसली. मग उठून आईच्या बाजूला येऊन बसली आणि तिच्या दुखऱ्या खांद्यावर डोकं ठेवायला गेली. "अगं, त्या खांद्यावर नको, दुसऱ्या!" मावशी ओरडल्या. मग दोघी हसल्या.

"तुझ्या बाबांना कसं सांगायचं आता?" मावशींनी पदराने डोळे पुसले. "त्यांना धक्का बसेल."

लेक टेबलावरचे कण बोटाने गोळा करायला लागली.

"काय गं?"

"बाबांना माहितीये. मागच्या वर्षीच सांगितलं मी. ते म्हणाले, आईला एवढ्यात नको सांगूस, तिला सहन व्हायचं नाही."

"अच्छा!" मावशी ताडकन सरळ बसल्या. "म्हणजे घरात सगळ्यांना सगळं ठाऊक, आणि मीच तेवढी काचेचं भांडं? त्या माणसाला मीठ सापडत नाही, आणि मला काय सहन होईल ते हा ठरवणार! ऐकून ठेव, आणि त्यांनाही सांग. यापुढे मला आधी सांगायचं, पिझ्झा असो नाही तर आणखी काही. रडायचं की नाही ते माझं मी बघेन."

आणि लेकीची बशी त्यांनी स्वतःकडे ओढून घेतली.