डिस्ट्रिब्युटरमधली तार

बाबांनी त्या दिवशी उतारावर चावी बंद केली होती की नाही, हा आमच्या घरातला एकच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मी एकविसाव्या वर्षी देऊन मोकळा झालो होतो. ते उत्तर चुकीचं होतं, हे मला कळायला चाळीस वर्षं लागली. तेही दुसऱ्याच्या हौसेपायी.

हौस राइस मिलच्या मालकाच्या नातवाची. मिलच्या मागच्या शेडमध्ये आजोबांच्या वेळचा पेट्रोल ट्रक धूळ खात पडला होता. तो चालू करून फाटकाशी उभा करायचा, लोकांनी फोटो काढायचे, असा त्याचा बेत. पेट्रोलचं जुनं इंजिन उघडणारा मिस्त्री गोंदियात आता शोधावा लागतो, म्हणून काम फुलचूरला माझ्या गॅरेजपर्यंत आलं. हा ट्रक माझे बाबा चालवायचे, हे त्याला ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही.

धानाच्या हंगामात बाबा दवनीवाड्याकडून भरलेली पोती घेऊन येत होते. पोत्यांवर धान कापणाऱ्या बाया बसल्या होत्या. वाटेत नाल्यावर सखल रपटा, म्हणजे बिनकठड्याचा ठेंगणा पूल होता, आधी उतार, मग चढ. चढावर ट्रक मागे घसरला आणि रपट्यावरून कलंडला. एक बाई पोत्यांखाली सापडून मेली. ती आमच्याच गल्लीतली होती.

बाबा सांगत होते की चढावर रेस दिली आणि इंजिन आपोआप मेलं, भरलेली गाडी ब्रेकनं धरली नाही. कुणी मानलं नाही. न मानायला कारणही होतं. पेट्रोल गाडीचे ड्रायव्हर तेव्हा उतारावर चावी बंद करायचे, गाडी तशीच घरंगळू द्यायचे आणि खाली पोचल्यावर गिअरमध्ये पुन्हा चावी लावायचे. वाचलेलं पेट्रोल घरी यायचं. आमच्याही खाटेखाली एक कॅन असायची. तेव्हा सगळ्यांनी एकच धरलं, यानं पेट्रोल वाचवायला चावी बंद केली, खाली इंजिन पकडलं नाही आणि बाई मेली.

दुसऱ्या दिवशी ट्रक सरळ केल्यावर इंजिन तपासायला पोलिसांनी मला बोलावलं. मी तेव्हा एका मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकत होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. हँडल मारलं. दुसऱ्या फेरीला इंजिन चालू झालं आणि जागेवर छान चालत राहिलं. रेडिएटर फुटला होता म्हणून मी रेस न देता मिनिटभरात बंद केलं. जमादारानं विचारलं, "कैसा है?"

"चांगला आहे. काई खराबी नाही."

बाबा तिथेच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं. रेस देऊन पाहावं, असं माझ्या डोक्यातही आलं नाही. खरं सांगायचं तर पाहायचंच नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे ती खाटेखालची कॅन होती.

बाबांना शिक्षा झाली, लायसन्स गेलं. सुटून आल्यावर ते दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत मजुरीला जाऊ लागले. दर पौर्णिमेला विहारात वंदनेला जायचे, पण त्या बाईचा नवरा पुढे बसलेला असायचा, म्हणून हे दाराशी चपलांपाशी बसत. अजूनही तिथेच बसतात. मी त्यांना त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही, त्यांनी पुन्हा कधी सांगितलं नाही.

नातवाला ठिणगी पाडणारे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक संच बसवायचा होता. पण संच मागवायला आधी प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर नेमका कोणता ते कळायला हवं. मी तो उतरवून रॉकेलमध्ये धुतला. पत्र्याची नंबरपट्टी अर्धी तुटलेली, अंगावरचे आकडे झिजलेले. मग शाफ्टची लांबी मोजली, रोटर डावीकडे फिरतो ते पाहिलं. नातू डोक्यावरून जाणाऱ्या, बिरसी विमानतळाच्या शिकाऊ विमानांचा व्हिडिओ काढत उभा होता. त्याला एकच काळजी.

"मिस्त्री, ये ओरिजिनल ही है ना? बीच में किसी ने बदला तो नहीं?"

मळ निघाला तशा खालच्या कडेवर कानशीनं पाडलेल्या तीन खाचा दिसल्या. टाइमिंगसाठी बाबांनी माझ्यासमोर पाडलेल्या. अपघातानंतर हा ट्रक कुणी चालवलाच नव्हता. म्हणजे हा डिस्ट्रिब्युटर त्या दिवशी होता तसाच माझ्या हातात होता.

"ओरिजिनल आहे," मी म्हणालो.

पॉइंट ज्या पत्रीवर बसतात ती पत्री रेस दिली की थोडी फिरते. तिला करंट देणारी बोटभर तार असते, कापडी वेष्टणातली. वेष्टण धड होतं. सवयीनं मी तारेला मीटर लावला, करंट जात होता म्हणून तो वाजला. अंगठ्यानं पत्री सरकवली, आवाज बंद झाला. सोडली, पुन्हा वाजला. तार आतून तुटलेली होती. जागेवर टोकं एकमेकांना टेकत होती, रेस दिली की सुटत होती. जागेवर इंजिन छान चालणार, चढावर मरणार. हे मी दहा वेळा करून पाहिलं आणि दहाही वेळा मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

मी नवा संच बसवला. इंजिन सुरेख चाललं, नातू खूश झाला. जुनी पत्री तारेसकट मी मागून घेतली.

सकाळी बाबा अंगणात बाजेवर बसले होते. मी मीटर लावला, त्यांचा अंगठा पत्रीवर ठेवला. त्यांनी सरकवली, सोडली, पुन्हा सरकवली.

"कोन्या गाडीचं आहे हे?"

"तुमच्या ट्रकचं, बाबा. तुमी चावी बंद नव्हती केली. इंजिन आपोआपच मेलं होतं."

त्यांनी पत्री माझ्या हातात परत दिली.

"नाही रे. चावी मीच बंद केली होती."

"तुमी तं तवा नाही म्हणत होते."

"म्हणत होतो. मंग तू इंजिन पाह्यलास. चांगला आहे म्हणालास. तुले इंजिनातलं समजते. जेलात पडल्या पडल्या इचार केला, तं आठवलं का मीच फिरवली असन. आता तं हात बी दिसते चावीवर."

मी म्हणालो, मीच चुकलो होतो. नीट पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "काऊन आता मन खराब करून रायला? बाई तं गेली."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, कुणावर ते सांगायची गरज नाही. त्या बाईचा नवरा अजून आहे, चार घरं सोडून. पत्री खिशात घालून मी त्याच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. त्याला तार दाखवली असती, तर तो सरळ बाबांनाच विचारायला आला असता, आणि बाबा काय सांगतील ते मला आता माहीत होतं.