बाकीचं अक्काकडे

स्कूटरला किक मारता मारता बातमी सांगायची आणि आपण "मग?" म्हणेपर्यंत गिअर टाकून निघून जायचं, ही अण्णांची पद्धत होती. "कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याच्या मुलीचं लग्न मोडलं," ते म्हणत. "अहो, का?" असं ओरडून विचारलं की धुरामागून उत्तर येई, "बाकीचं अक्काकडे!" आणि अण्णा शिवाजीनगरच्या दिशेने नाहीसे.

अशी अर्धी बातमी डोक्यात घेऊन तुम्हाला कधी ऑफिसला जावं लागलं नसेल तर तुम्ही नशीबवान आहात. मला दिवसभर दुसरं काही सुचत नसे. हुंड्यावरून मोडलं? की मुलगीच नको म्हणाली? त्या मुलीला मी जन्मात पाहिलं नव्हतं, तिच्या लग्नाशी माझा काडीचा संबंध नव्हता, आणि तरीही संध्याकाळी मी चपलासुद्धा नीट न काढता अक्कांच्या दारात उभा असे.

अण्णांचं नाव सांगून उपयोग नाही. जे. पी. नगरच्या आमच्या गल्लीतही ते कोणाला ठाऊक नसावं. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळूरात होतं. घरात मराठी बोलत, पण त्या मराठीत इतकं कन्नड मिसळलेलं होतं की पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या मला पहिले काही दिवस अर्धं कळत नसे. बंगळूरच्याच शिवाजीनगरात त्यांचं बटणं, लेस आणि अस्तराच्या कापडाचं दुकान होतं. तिथे शहरभरचे शिंपी येत, आणि कोणाच्या घरी कसला समारंभ आहे किंवा अचानक नाही, हे शिंप्यांइतकं आधी कोणाला कळतं? अण्णा सगळं ऐकून घेत आणि रात्रीच्या जेवणाला बायकोला सांगत. तीच अक्का. पहिल्या मजल्यावर ते दोघे राहायचे, गच्चीवरच्या खोलीत मी भाड्याने.

माझ्याकडे फोन नव्हता. घरचे फोन त्यांच्याकडे यायचे, आणि तिथे तर माझा अंतच बघितला गेला. एका सकाळी मी जिना उतरतोय, अण्णा स्कूटरवर. मला ते तम्मा म्हणत, म्हणजे कन्नडात धाकटा भाऊ.

"तम्मा, पुण्याहून आईचा फोन होता. घाबरू नकोस."

"काय झालं?"

"बाकीचं अक्काकडे!"

मी धापा टाकत वर गेलो. अक्का खिडकीजवळच्या खुर्चीत भाजी निवडत होत्या. "आधी बस," त्या म्हणाल्या. "कॉफी घे." मी म्हटलं, अक्का, कॉफी राहू दे, आई बरी आहे ना? कॉफी झाली. मग कळलं की मावशीने नवा मिक्सर घेतला, तो पहिल्याच दिवशी उडाला, आणि चटणी छताला लागली. अक्कांनी मावशीचा आवाज काढला, दुकानदाराचा काढला, मिक्सरचाही काढला. मावशीला त्या कधी भेटल्या नव्हत्या, तरी हुबेहूब मावशी. मला हसू आवरेना आणि अण्णांचा रागही आवरेना. ऑफिसला उशीर झाला तो वेगळाच.

त्या रविवारी ते खाली स्कूटर धूत होते, तेव्हा मी त्यांना गाठलंच.

"अण्णा, बातमी सांगायची तर सगळी सांगा, नाहीतर सांगू नका. हा काय छळ आहे?"

"सगळी सांगितली तर तू तिच्याकडे जाशील?"

मी पाण्याची बादली त्यांच्याकडे सरकवली.

"तिचे गुडघे गेलेत. हा जिना उतरून तिला वर्षं झाली," ते चाक पुसत म्हणाले. "मी दिवसभर दुकानात. ती त्या खिडकीत. तिला माणसं लागतात रे. माणसं नसली की ती जेवत नाही."

"मग सरळ सांगा ना लोकांना, अक्कांना भेटून जा म्हणून."

"सांगितलं होतं. आले सगळे. सफरचंदं घेऊन आले. चेहरे लांब करून बसले, कसं वाटतंय विचारलं, आणि गेले. ती म्हणाली, मी मेलेय का? परत कोणाला असं बोलावू नका." त्यांनी फडकं पिळलं. "आता बघ. कोणी सफरचंद आणतं?"

खरंच कोणी आणत नव्हतं. अक्कांकडे येणारा माणूस जिना चढतानाच "पुढे काय झालं?" विचारत यायचा. शेजारच्या बाई, इस्त्रीवाला, खालचे रिटायर्ड मास्तर, सगळ्यांचं तेच. रोज वर जाऊन काही नवीन आहे का बघायला कोणाला सवड होती? पण मथळा कानावर पडला आणि आपल्या कामाचा वाटला, की पाय आपोआप वळत. हे सगळं कळलं म्हणून माझा वैताग कमी झाला असं मात्र समजू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच किक आणि तोच धूर.

एकदा अण्णांनी अतिरेक केला. "मास्तरांकडे चोरी!" एवढं म्हणून ते सटकले. गल्लीतली निम्मी माणसं अक्कांच्या खोलीत जमली. चोरी कशाची, तर कुंपणावरच्या पडवळाची. माणसं हिरमुसून गेली आणि अक्कांनी रात्री अण्णांना असं फैलावर घेतलं की मला गच्चीवर ऐकू आलं. "तुम्ही चोरी सांगायची आणि मी पडवळ वाढायचं? उद्या वाघ आला म्हणाल तरी कोणी यायचं नाही माझ्याकडे!" त्यानंतर मथळे जरा सरळ झाले.

याच सुमाराला, म्हणजे नव्वदीचं दशक संपत आलेलं असताना, आमच्या छोट्या कंपनीकडे एक काम आलं. एका इंग्रजी साप्ताहिकाची वेबसाइट आम्ही केली होती. तिला फीड जोडायचं होतं. तेव्हा ही गोष्ट अगदी नवी होती. साइटवर नवं काही आलं की त्याचा मथळा, दोन ओळी आणि मूळ पानाची लिंक एका लहानशा फाइलमध्ये ठेवायची. वाचकाचा प्रोग्राम अधूनमधून ती फाइल बघून येतो आणि नवीन काय ते त्याच्यासमोर मांडतो. त्याला रोज दहा साइटी उघडून बसावं लागत नाही. आणि त्या काळात एक पान उघडायचं म्हणजे चहा होऊन यायचा.

साप्ताहिकाचे मालक ऐकायला तयार नव्हते. "आमच्या बातम्या बाहेर फुकट वाटायच्या? मग आमच्या पानावर कोण येणार?" मी आकृत्या काढल्या. वाचकांचा वेळ वाचतो म्हणालो, नव्या लोकांना तुमचं नाव कळतं म्हणालो. ते मान हलवत राहिले. शेवटी माझं डोकं फिरलं आणि मी म्हटलं, "सर, आमच्याकडे एक अण्णा आहेत." मग स्कूटर, धूर, मेडिकलवाल्याची मुलगी, मिक्सर, सगळं सांगितलं. मालक खुर्चीत पुढे सरकले.

"मग लग्न का मोडलं?" त्यांनी विचारलं.

"सर, बाकीचं तुमच्या पानावर."

ते आधी चिडले, मग मोठ्याने हसले, आणि "सरी, ठीक आहे, करा" म्हणाले. काम झालं.

मोठ्या कौतुकाने मी हे अण्णांना सांगायला गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अर्धीच बातमी द्यायची? लोक शिव्या देतील रे तुला."

"तुम्हाला देतात तशा?"

"मला कोण देतं?" त्यांना खरोखरच कल्पना नव्हती. मी कपाळावर हात मारून वर गेलो.

पुढे मी नोकरी बदलली. नवं ऑफिस पार शहराबाहेर, बोम्मसंद्राला, म्हणून खोलीही त्याच बाजूला घेतली. अण्णांकडे जाणं रविवारचं झालं, मग सणावारी. एक दिवस ऑफिसात अण्णांचा दुकानातून फोन आला.

"तम्मा, अक्का गेली."

"कधी? कसं झालं?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच जीभ अडखळली. पुढचं वाक्य मला पाठ होतं. त्यांनाही होतंच. रिसीव्हरमधून नुसती शिवाजीनगरची रहदारी ऐकू येत राहिली.

त्या दिवशी जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे रिकाम्या हातांनी आले होते, आणि कोणाला काय बोलावं कळत नव्हतं, कारण त्या घरात "पुढे काय झालं?" यापलीकडे आम्ही आपण होऊन कधी काही बोललोच नव्हतो.

मग काही आठवड्यांनी पुन्हा गेलो. अण्णा खाली पायरीवर बसले होते. स्कूटर स्टँडवर.

"मेडिकलवाल्याच्या मुलीचं लग्न ठरलं," ते म्हणाले.

सवयीने मी स्कूटरकडे पाहिलं. ते उठले नाहीत. त्यांनी पुढचं सांगायला सुरुवात केली. मुलगा कुठला, ओळख कशी झाली, पहिलं लग्न मोडलं त्याचं आता मुलीच्या आईला काय वाटतं, ब्लाउजला अस्तर कुठलं लावलं. सगळं. आणि इतकं वाईट सांगितलं! शेवट आधी आला, मधलं विसरले, "छे, ते त्याच्या आधी" म्हणून मागे गेले. कोणाचा आवाज नाही, हातवारे नाहीत. इतकी वर्षं या माणसाने मला अर्धवट सांगून छळलं, पण त्या संध्याकाळइतका त्याचा राग मला कधीच आला नव्हता. कोणी सांगितलं होतं पूर्ण सांगायला? मला ओरडावंसं वाटलं. पण शेवटपर्यंत ऐकत बसलो.

सांगून झालं. मी निघायला उठलो.

"स्वल्प थांब, तम्मा," त्यांनी माझा हात धरला. "अजून एक आहे. पूर्ण सांगतो."

मी पुन्हा पायरीवर बसलो.