बुडाखालचं नाव

कुणाच्या घरी गेलं आणि पाण्याचा पेला पुढं आला, की भाऊ आधी तो डोक्याच्या वर धरून खालून बघत. बुडाशी नाव कोरलेलं असलं तर ते मोठ्यानं वाचत आणि मगच पाणी पीत. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी वरणाची भरलेली वाटी अशीच वर धरली. शेजारी बसलेल्या मुलीकडच्या मामांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर वरण सांडलं. मामा लाल झाले, पण भाऊंना त्याचं काही नव्हतं. "पहिले बूड पाहा गा," ते माझ्या कानाशी म्हणाले, "तोंडावर सायबाचं नाव राहते. कारागिराचं बुडाशी."

अशी एखादी वल्ली तुमच्याही ओळखीत असेल. आपण त्यांना हसतो, आणि त्यांच्यावाचून आपलं पानही हलत नाही.

आम्ही दोघं कोराडीच्या वीज केंद्रात होतो. भाऊ मीटर दुरुस्त करणारे, मी त्यांच्या हाताखाली काम शिकलेला. पण त्यांचा जीव त्या मीटरांत नव्हता. कामठीच्या घरात मागच्या दोन खोल्यांत त्यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचे अवशेष गोळा करून ठेवले होते. त्या काळात नागपूरच्या धावपट्टीवर गोऱ्यांची विमानं उतरत. लढाई संपली, विमानं गेली, आणि मोडक्या विमानांचे तुकडे भंगाराच्या वाटेनं आसपासच्या गावांत पसरले. कुणाच्या कोंबड्यांच्या खुराड्याला पंखाचा पत्रा, कुणाच्या परड्यात पाणी साठवायला पेट्रोलची टाकी. भाऊ सुट्टीच्या दिवशी हे शोधत हिंडायचे.

त्यांची एक रीत होती. वस्तू फुकट आणायची नाही आणि नुसते पैसे देऊनही आणायची नाही. तिच्या जागी तेच काम करणारी दुसरी वस्तू ठेवून यायचं. खुराड्याचा पत्रा काढला तर नवा पत्रा स्वतः ठोकून द्यायचे. "लोकाची कोंबडी उघड्यावर अन् आपलं म्युझियम? जमते काय?"

असाच एक पत्रा घेऊन आम्ही एसटीत चढलो. कंडक्टरनं विचारलं, "हे काय घेऊन राहिले बाबाजी?"

"विमान आहे."

"मग उडून जा ना! बसमध्ये काहून चढले?"

सगळी बस हसली. सगळ्यात जास्त भाऊ हसले. मग उतरेपर्यंत त्यांनी कंडक्टरला त्या पत्र्यावरच्या रिव्हेटांच्या रांगा समजावून सांगितल्या. बिचाऱ्याचे दोन प्रवासी तिकिटाविना उतरून गेले.

या सगळ्या खटाटोपाचं मूळ त्यांच्या वडिलांत होतं. गणपतराव कामठीचे तांबट. लढाईच्या दिवसांत ते धावपट्टीवर झाळकाम करायला, धातूचे सांधे जोडायला जात. पुढं आयुष्यभर ते सांगत राहिले, की मी विमानं दुरुस्त केली आहेत. गावानं त्यांची टर उडवली. पोरं त्यांना 'पायलट' म्हणून चिडवायची. कागद नाही, फोटो नाही, पगाराची चिठ्ठी नाही. भाऊ तेव्हा लहान होते आणि, त्यांनीच मला सांगितलं, तेही त्या पोरांबरोबर हसले होते. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

वडील गेल्यावर खूप वर्षांनी कामठीच्याच एका पानठेल्यावर त्यांना एक जड पितळी वाटी दिसली. ठेलेवाला तिच्यात कात ठेवायचा. भाऊंनी सवयीनं ती उलटी केली. ते विमानातल्या होकायंत्राचं भांडं होतं, आणि बुडाशी लाल रंगात बारीक अक्षरात लिहिलं होतं: गणपत कामठी. दुरुस्त केलेल्या भांड्यावर तांबट आपली खूण करतो, तशी ती केलेली होती. भाऊ त्या ठेल्यासमोर, भर बाजारात, रडले. ठेलेवाल्याला नवी वाटी मिळाली. दुसऱ्या दिवशी ते नाव भिंगाखाली धरून त्यांनी मला दाखवलं. मी ते वाचलं. हे ध्यानात असू द्या.

पुढं दर दसऱ्याला खोलीतल्या सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. वहिनी प्रत्येक वस्तूला हळदकुंकू वाहायच्या. होकायंत्राला मात्र बुडाशीच, सासऱ्याच्या नावाला. वर्षं गेली. ओल्या कुंकवाचे थर चढत चढत ते नाव त्याखाली झाकून गेलं.

भाऊंचं वय झालं तेव्हा शहरातल्या एका संग्रहालयानं हा संग्रह ठेवून घ्यायची तयारी दाखवली. भाऊंची एकच अट होती: होकायंत्राच्या पाटीवर वडिलांचं नाव हवं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, खूण दिसत असेल तर जरूर लिहू.

त्या बघायला येणार होत्या दसऱ्यानंतरच्या आठवड्यात. मी मदतीला गेलो. भाऊ आत झोपले होते. आपल्याकडे पाहुणे येणार म्हटलं की आधी पितळ घासतात. मीही चिंच आणि राख घेऊन मागच्या मोरीवर बसलो. होकायंत्राच्या बुडाशी कुंकवाचे जुने लाल पोपडे होते. ते चिंचेनं निघेनात, म्हणून तारेच्या घासणीनं खरवडून काढले. बूड आरशासारखं लख्ख झालं. मी ते कौतुकानं भाऊंपुढं नेलं.

त्यांनी ते उलटं केलं. बराच वेळ नुसता अंगठा फिरवला. माझ्या तेव्हा ध्यानात आलं, कुंकवाबरोबर लाल रंगातलं नावही खरवडलं गेलं होतं. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"मी कोरून आणतो," मी म्हणालो. "भांड्यावर नाव टाकणारा आहे ना बाजारात."

"नाही गा. ते बाबाचं अक्षर नाही राहत. खोटं होते."

मॅडम आल्या. त्यांनी बूड बघितलं, दिव्याखाली धरलं, आणि अवघडून म्हणाल्या, "काका, इथं काहीच नाही." मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊ म्हणाले, "होतं. म्याच घासलं. दसरा होता ना."

मी गप्प राहिलो. आजही त्या गप्प राहण्याची लाज वाटते.

मॅडमना फाटकापर्यंत सोडून आल्यावर भाऊंनी मला समोर बसवलं. "काय लिहिलं होतं, सांग बरं."

"गणपत कामठी."

"कोण्या रंगात?"

"लाल."

"मग काहून रडून राहिला? मह्या बाबाले तर एकही साक्षीदार भेटला नव्हता. मीच हासलो होतो त्याले."

भाऊ त्या थंडीत गेले. संग्रह ठरल्याप्रमाणे संग्रहालयात गेला. मॅडमना भेटून मी सांगितलं, की घासणारा मी होतो आणि वाचणाराही मीच होतो. माझं तोंडी म्हणणं पाटीवर घालता येत नाही, नियम आहे, असं त्या म्हणाल्या. मी दुसरंच मागितलं. तेवढं त्यांनी ऐकलं.

कधी गेलात तर बघा. काचेच्या कपाटात सगळ्या यंत्रांची तोंडं वर आहेत, एक होकायंत्र तेवढं उपडं ठेवलंय. त्याचं कोरं बूड अजून लख्ख आहे, माझ्याच हातानं घासलेलं. रविवारी मी धरमपेठेतल्या माझ्या घरून तिथं जातो आणि कपाटाशी उभा राहतो. कुणीतरी विचारतंच, "काका, हे उलटं काहून ठेवलं?"

मग मी सांगतो.