इवायाचं टेबल सॉ

"टेबलाले चीर आहे बरं, किसनराव. आधीच सांगून ठेवतो," पुंजाजी म्हणाले आणि गोडाऊनमधले हमाल हसले. किसन मिस्त्रीही हसले. त्यांच्या मागे उभा राहून मीही हसलो. टेबल सॉला चीर नसेल तर ब्लेड वर येणार कुठून?

त्या हसण्याचा राग मला अजून येतो.

ज्यांनी हे मशीन पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. टेबल सॉ म्हणजे लोखंडी टेबल, त्याच्या मध्ये लांबट चीर आणि त्या चिरेतून वर आलेलं गोल दातेरी ब्लेड. फळी बाजूच्या गाईडला चिकटवायची आणि ब्लेडवर ढकलायची. हातकरवतीने दोन माणसांची सकाळ खाणारं काम चहा निवायच्या आत होतं. टेबलाखाली नुसते चार पाय असतील तर ते साधं मशीन. खाली बंद लोखंडी कपाट असेल आणि मोटार, बेल्ट, भुसा सगळं त्या कपाटाच्या पोटात असेल, तर ते कॅबिनेट सॉ.

आम्हाला कॅबिनेटच हवं होतं. किसन मिस्त्रींचा कारखाना म्हणजे मलकापुरातल्या त्यांच्या घराची ओसरी. भिंतीपलीकडे चूल. मिस्त्रींच्या बायकोला, काकूंना, दमा. उघड्या मशीनचा भुसा थेट भाकरीवर आणि काकूंच्या छातीत गेला असता. आणि मशीनशिवाय गत्यंतर नव्हतं, कारण मिस्त्रींचा उजवा खांदा कामातून गेला होता. डोक्याला फेटा बांधतानाही त्यांना काकू लागत. डॉक्टरांनी करवत सोडा म्हणून सांगितलं होतं. मशीन आलं तर कारखाना चालेल, नाही आलं तर बंद, इतका साधा हिशेब.

बंद झाला तर माझं काय, ही भीती मला रात्रंदिवस असे. मी देवगडकडचा. शाळा सातवीआधीच सोडलेली. रेल्वे क्वार्टरांची दारं बसवायच्या कामावर एका ठेकेदाराने मला मलकापुरात आणलं, आणि मला ताप आला तसा तो मला धर्मशाळेत टाकून निघून गेला. किसन मिस्त्री तिथे खिडकी दुरुस्त करायला आले होते. त्यांनी मला घरी नेलं. "पोरगं आपल्याच जातीचं हाये का," असं कोणीतरी विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "रंदा धरता येते त्याले. बस झालं." त्या घराचं मीठ मी खाल्लं आहे. त्या ओसरीवर कोणी डल्ला मारताना दिसला की माझं डोकं फिरतं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. शहरात थ्री फेज वीज आली होती, पण मुंबईचं नवं मशीन आमच्या आवाक्याबाहेर होतं. खामगावला एक फिटर होता, तो ओतीव टेबल आणून खाली अँगलचे पाय जोडून देई. टेबल भक्कम, पण कपाट नाही. ते घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात नांदुऱ्याहून पुंजाजींचा निरोप आला. एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधून त्यांनी कॅबिनेट सॉ उचललं होतं. घरच्या माणसाला कमी भावात देतो म्हणाले.

पुंजाजी मिस्त्रींचे व्याही. वऱ्हाडात इवाई म्हणतात. मिस्त्रींची एकुलती एक मुलगी वच्छला त्यांच्या घरात दिलेली. नांदुरा स्टेशनाजवळ त्यांचं लाकडाचं गोडाऊन, मागे घर.

मशीनवरची ताडपत्री काढली आणि मिस्त्रींचा चेहरा उजळला. हिरवागार रंग. जाड पत्र्याचं कपाट, भुसा काढायला खाली छोटं दार. मी माझं काम सुरू केलं. बेल्ट काढला, शाफ्ट धरून हलवला. बेअरिंगला प्ले नव्हता, म्हणजे शाफ्ट डुगडुगत नव्हता. मोटार चालवून पाहिली, गरम झाली नाही. गाईड घट्ट बसत होतं. सगळं ठीक होतं, आणि तरी मला काहीतरी टोचत होतं.

मग लक्षात आलं. टेबलाच्या वरच्या अंगालाही रंग होता.

सॉच्या टेबलाला वरून रंग कोणी लावत नाही. फळ्या घासून घासून ते आरशासारखं झालेलं असतं. रंग दिला तर फळी अडखळते आणि चार दिवसांत तो निघूनही जातो. जुन्या टेबलाला नवा रंग लावला याचा अर्थ खाली काहीतरी झाकलंय. मी नख लावून पाहिलं. चिरेच्या मागच्या टोकापासून टेबलाच्या कडेपर्यंत रंगाखाली एक पुसटशी गुळगुळीत रेघ लागत होती. तिथे लांबी भरलेली असावी. रंगारी भिंतीची भोकं बुजवायला भरतात ती लांबी.

ओतीव लोखंड तडकलं की ते सांधता येत नाही. चाललेल्या मशीनवर तडा हलतो, गाईडची रेषा सरकते, फळी ब्लेडला चिमटा घेते आणि ब्लेड ती फळी उलटी माणसाच्या पोटावर फेकतं. ढकलणारा हात मात्र पुढेच जातो. आणि इथे ढकलणारा हात आधीच अधू.

मी मिस्त्रींच्या कानाशी गेलो. म्हटलं, टेबल खरवडून पाहू द्या.

"गप राह्य," ते पुटपुटले. "इवाई हायेत."

इवायाचा माल तपासायचा नाही, हा तिथला अलिखित कायदा. बाजारात गवार घेताना शेंग मोडून बघणारा माणूस इवायाने आंधळा बैल दिला तरी दावं धरून मुकाट चालू लागतो. कारण बैल घेऊन आपण घरी जातो, मुलगी मात्र तिथेच राहते. सासूच्या तोंडचं एक वाक्य तिला वर्षभर ऐकावं लागतं. हे मला कळत होतं. पण पुंजाजींनाही ते तितकंच कळत होतं, आणि म्हणूनच त्यांनी ते मशीन बाजारात न काढता सोयऱ्याला बोलावलं होतं. हे कळलं तेव्हा माझे कान तापले.

मिस्त्रींनी बंडीच्या आतल्या खिशाकडे डावा हात नेला.

माझ्या पिशवीत नारळ होता. मशीन ओसरीत बसलं की फोडायचा म्हणून मलकापूर स्टेशनाबाहेर घेतला होता. तिकडे नारळ म्हणजे बहुतेक सुकलेला, देवापुढे ठेवायचा. मी कोकणातला माणूस, चार नारळ कानाशी हलवून पाण्याने भरलेला निवडला होता. तो मी तिथेच बाहेर काढला.

"मिस्त्री, थांबा," मी म्हटलं. "आधी गाऱ्हाणं घालायचंय."

पुंजाजींच्या कपाळाला आठी पडली. "कायचं गाऱ्हाणं? मशीन अजून जागची हलली नाही अन् याचं गाऱ्हाणं सुरू?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तिथे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्याकडे नव्या होडीला, नव्या घराला, नव्या अवजाराला हात लावण्याआधी नारळ ठेवून देवाला साकडं घालतात, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. मी हात जोडून समजावलं की ही आमची रीत आहे, एवढं केल्याशिवाय माझा हात मशीनला लागायचा नाही. देवाचं नाव आल्यावर पुंजाजी काय बोलणार? "घाल बाबा," म्हणाले.

मी डोळे मिटले. "बा देवा महाराजा, ह्या अवजाराक जो हात लावीत, तेची बोटा शाबूत ठेव. कोणाच्या पोटात काय वाकडा आसात, तर ता हयच उघड्यार पाड रे महाराजा."

यावर बाकीच्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं असतं. कोणालाच माहीत नव्हतं. मी एक डोळा उघडून मिस्त्रींकडे पाहिलं.

"हाव महाराजा," मिस्त्री म्हणाले.

नारळ दगडावर फोडतात. मी तो टेबलावर आपटला, त्या रेघेच्या शेजारी, होता नव्हता तेवढा जोर लावून. धड ओतीव टेबल घंटेसारखं वाजतं. हे बद्द वाजलं, तडकलेल्या माठासारखं. रंगाचा एक लांब पापुद्रा उडाला आणि खालून पांढरी लांबी भुरभुरली. मी नारळाचं सगळं पाणी त्यावर ओतलं. पाणी क्षणभर थांबलं आणि मग लोखंडाने पिऊन टाकावं तसं आत गेलं. टेबलाचा मागचा भाग कपाटाबाहेर आलेला होता. त्याच्या खालून थेंब पडू लागले.

मिस्त्री दुसरीकडे बघू लागले. तो भला माणूस आता खाकरणार, रुमालाने टेबल पुसणार आणि तरीही खिशात हात घालणार, हे मला स्पष्ट दिसलं.

वच्छला चहा घेऊन दारात आली होती. केव्हापासून उभी होती कोण जाणे. तिने ट्रे लाकडांवर ठेवला, त्यातली साखरेची वाटी रिकामी केली आणि पदर सावरून खाली वाकून ती टेबलाखाली ठेवली. चिरेखाली नव्हे, मागे, थेंब पडत होते तिथे.

टप. टप. पितळी वाटीतला तो आवाज गोडाऊनभर ऐकू जात होता.

"चीर आहे म्हणून मी आधीच सांगतलं होतं," पुंजाजी म्हणाले. "सगळ्यांच्या समोर. इचारा यायले."

तेव्हा माझा तोल गेला. त्यांनी तो विनोद आधीच करून ठेवला होता. उद्या टेबल दुभंगलं, मिस्त्रींची बोटं गेली, तरी त्यांना म्हणता आलं असतं की मी सांगितलं होतं आणि तुम्ही हसला होतात. आमचं हसूच त्यांनी साक्षीला ठेवलं होतं.

"चीर होती तर तिच्यावर रंग कशाला फासलात?" मी म्हटलं.

"किसनराव, सोयऱ्या-सोयऱ्याच्या बोलण्यात हा काऊन तोंड घालून राह्यला? कोण हाये हा?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मला राग होता, आणि त्यांनी मला आता बाहेर जायला सांगितलं तर काय, ही भीतीही.

वच्छलाने वाटी उचलली. तळाशी गढूळ पाणी जमलं होतं, त्यात हिरव्या रंगाचे कण. दोन्ही हातांनी तिने ती सासऱ्यांपुढे धरली.

"मामाजी, देवाचं पाणी हाये. तीर्थ आधी घरच्या मोठ्या माणसानं घ्यावं."

तिचा आवाज इतका मऊ होता की त्याला उद्धट म्हणायची सोय नव्हती. हमाल बघत होते. तीर्थाला नाही म्हणता येत नाही. पुंजाजींनी हाताचा द्रोण केला, तिने त्यात पाणी घातलं आणि ते त्यांनी प्यायलं. ओला हात डोक्यावरून फिरवायचा असतो, तोही फिरवला. टाळूला हिरवा कण चिकटला.

मिस्त्रींनी खिशातला हात रिकामा बाहेर काढला.

"इवाई," ते म्हणाले, "आज मुहूर्त दिसत नाही. मशीन राहू द्या."

परतीच्या गाडीत ते मलकापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, संपलं आपलं. गाडी थांबता थांबता म्हणाले, "तू तोंड उघडलं ते बरं नाही केलं." खाली उतरले आणि पुढे म्हणाले, "नारळ चांगला निवडला होता पण."

पुढे आम्ही खामगावच्या फिटरचंच मशीन घेतलं. कपाट आम्हीच केलं, बाभळीच्या चौकटीला पत्रा मारून, भुशासाठी खाली खण ठेवून. दिसायला ते कोंबड्यांच्या खुराड्यासारखं होतं, पण काकूंच्या चुलीपर्यंत भुसा गेला नाही. मिस्त्री त्यावर शेवटपर्यंत काम करत राहिले आणि गेले तेव्हा हाताची सगळी बोटं घेऊन गेले.

वच्छलाचं काय होणार याची घरात सगळ्यांना काळजी होती. दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा काकूंनी आधी तिचे दंड उघडून पाहिले. ती हसली. म्हणाली, कोणी बोट लावलं नाही, मामाजी आता मला चहा घेऊन गोडाऊनमध्ये येऊ नको म्हणतात. पण ती जात होतीच. गिऱ्हाईक मशीन बघायला आलं की कपबशी पुढे करताना हळूच विचारी, "दादा, नारळ आणला का?" शेवटी ते मशीन भंगारात गेलं.

मला पुंजाजींचा राग आहेच. त्याहून जास्त राग त्या रीतीचा आहे, जिच्या आड तडकलेलं लोखंड विकता येतं. आणि हेही खरं की त्या दिवशी खरं बाहेर आलं ते दुसऱ्या एका रीतीनेच, नारळाच्या आणि तीर्थाच्या. सरळ शब्दांना तिथे किंमत नव्हती.

आता लोक मला विचारतात, घरच्या कारखान्याला परवडेल असं कोणतं टेबल सॉ घ्यावं. मी सांगतो, कपाट नसलं तर बनवता येतं, मोटार बदलता येते, बेअरिंग नवं मिळतं. टेबल तेवढं धड घ्या. वरून रंगवलेलं असेल तर हात लावू नका. कोणी फारच आग्रह केला तर मी स्वतः बघायला जातो आणि जाताना नारळ घेऊन जातो.

पिशवीतला नारळ पाहून जो मालक म्हणतो, "त्याची काही गरज नाही हो, मशीन एकदम चांगली आहे," त्याच्याकडे मी चहासुद्धा घेत नाही.