मस्कतची शेवटची फेरी आणि चौलचे दोन दिवस

मी आणि निखिल नवरा-बायको, पण नोकरी दोन वेगळ्या विमान कंपन्यांत. दोघंही परदेशी मार्गांची भाडी ठरवतो. यंदा मुंबई-मस्कतवर आमच्या कंपन्यांची अशी जुंपली, की एकाने भाडं उतरवलं की दुसऱ्याने आणखी खाली यायचं. शेवटी माझी कंपनी हरली आणि तिने हा मार्गच बंद करायचं ठरवलं. ज्या शनिवारी आमचं शेवटचं विमान येणार होतं, त्या दिवशी मला ऑफिसच्या आसपासही फिरकायचं नव्हतं. निखिल म्हणाला, "चल, चौलला जाऊ."

गेटवेहून मांडव्याची सकाळचीच बोट घ्या. ऊन चढायच्या आत पोचता, आणि तिकिटातच अलिबागपर्यंतची बस असते. पुढे रिक्षाने नागाव ओलांडून चौल. रस्ता अरुंद, दोन्हीकडे नारळी-पोफळी. खड्डे आहेत, पण सावलीत.

उतरलो जुबेदाचाचींकडे. पाहुण्यांसाठी दोन खोल्या, जेवण त्यांच्याच हातचं: तांदळाची भाकरी, तिसऱ्यांचं कालवण. त्यांचे यजमान युसुफचाचा मस्कतला दुकानात कामाला. "तिकीट परवडत न्हाय म्हनतात," वाढता वाढता चाची म्हणाल्या. "फोनवरच ईद मुबारक."

संध्याकाळी दारात रिक्षा थांबली. दोरीने बांधलेली बॅग घेऊन पिकल्या दाढीचे एक गृहस्थ उतरले. चाचींच्या मांडीवरचं सुपाऱ्यांचं सूप कलंडलं.

"सांगितलं न्हाय, काय न्हाय!" चाची तशाच उठून दारात गेल्या.

"पान्याच्या भावात मिळालं तिकीट," चाचा म्हणाले. "इमान बंद व्हनार, ही शेवटची फेरी. म्हटलं, असा भाव परत कोन देनार?"

तो भाव मीच लावला होता, रिकाम्या खुर्च्या भराव्यात म्हणून. न राहवून मी तसं सांगितलं. चाचींनी माझे दोन्ही हात धरले. मग चमकून म्हणाल्या, "आनि परत जानार कसे?"

"आमचं विमान आहे," निखिल हळूच म्हणाला.

"मग तुझं तिकीट महाग कर, बाबा."

आम्ही हसलो. चाचा हसले नाहीत. वाकून सुपाऱ्या वेचत राहिले.

घरी परतल्यावर चारच दिवसांनी निखिलने सांगितलं, त्याच्या कंपनीने मस्कतचं भाडं वाढवलं. समोर आता कोणी उरलं नव्हतं. मी चाचींना फोन लावला. उचलला चाचांनी.

"चाची आहेत?"

"भाकऱ्या थापतेय. मी हितंच बसलोय बाजूला."

भाडं वाढल्याची बातमी बाजूला ठेवून मी म्हटलं, "मग थापू द्या त्यांना."