पहिली झडती आणि साहेबांची जीभ

आर्णी तालुक्यातल्या तमाम जनतेस आणि तिच्या बैलांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या गावच्या पोळ्यात पहिली झडती कोणी म्हणायची, हा प्रश्न या श्रावणात एका पुढाऱ्याच्या जिभेवर सोपवण्यात आला होता. निकाल लागलेला आहे. त्याविरुद्ध दाद मागता येत नाही. मी मागून पाहिली.

झडती म्हणजे तोरणाखाली सजवलेले बैल उभे असताना खणखणीत आवाजात म्हणायची तुकबंदी. सरपंचापासून सासूपर्यंत कोणालाही त्यात टोमणा मारायची मुभा असते आणि शेवटी सगळं गाव ‘महादेव’ म्हणून साथ देतं. पहिली झडती आमच्या घरात वडिलांपासून आहे. वर्षभर मी कपाशीवर फवारे मारत फिरतो, पण त्या पाच मिनिटांत सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत असतं. तीच मी पणाला लावली.

निमित्त मठातल्या सप्ताहाचं. तिसऱ्या दिवशी कीर्तनात आमचे महाराज मठाच्या रस्त्याबद्दल चार खडे शब्द बोलले. कोणीतरी ते मोबाइलवर टिपले आणि संध्याकाळपर्यंत ते तालुकाभर फिरले. आणि काल्याला प्रमुख पाहुणे कोण? ज्यांच्या कृपेने तो रस्ता तसा आहे, ते साहेब! साहेबांची जीभ सगळ्यांना ठाऊक. एका लग्नात मंगलाष्टकं लांबली, तर भटजींना माइकवरून म्हणाले होते, “आटपा न महाराज, आमाले अजून तीन लग्नं आहेत.”

“काल्याला साहेब महाराजायचा पाणउतारा करते, लिहून ठेव,” मी माझ्या साडूला म्हणालो. तो आमच्याच गावचा. पहिल्या झडतीवर त्याचा कैक वर्षांपासून डोळा.

“काही करत नाही. मांडवात मतं बसली राह्यतात, साडभाऊ.”

“लाव शर्त!”

“माह्या जोडीच्या पितळी घुंगरमाळा लावल्या. तू काय लावतं?”

“पहिली झडती!” असं कोणीतरी म्हणालं. तो मीच होतो.

गावातले निवृत्त गुरुजी पंच ठरले. त्यानंतरचे तीन दिवस मला घास गोड लागला नाही. बायको म्हणाली, “वावरात जा, नाहीतर निजून राहा. घरात असे चकरा नका मारू, मले गरगरते.”

काल्याच्या दिवशी तर मांडी घालून बसणंच जमेना. मी या खांबापासून त्या खांबापर्यंत, तिथून चपलांच्या ढिगापर्यंत, तिथून भाजीच्या कढईपर्यंत. आचाऱ्याने मला दोनदा हाकललं. साहेब दीड तास उशिरा आले, सोबत सात गाड्या आणि चाळीसेक कार्यकर्ते. आले ते थेट महाराजांच्या पायांवर आडवे. साडू माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसला.

मग भाषण. महाराज म्हणजे माउली, महाराज म्हणजे सूर्य. अरे, हाच का तो माणूस? “त्या दिवशी महाराज रस्त्याबद्दल बोलले,” साहेब म्हणाले आणि मी अर्धा उठलो. साहेब थांबले. “बापानं लेकराचा कान धरावा, तसं बोलले.” मी बसलो. पलीकडची म्हातारी म्हणाली, “याले काय झालं बाप्पा? पोटात कळ आली काय?”

भाषण संपलं, पंगत बसली. महाराजांच्या शेजारच्या पत्रावळीवर साहेबांना भात-वरण वाढलं, वांग्याची भाजी वाढली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. साहेबांनी घड्याळ बघितलं, हात जोडले आणि घासही न घेता उठले. त्यांच्यामागे चाळीसही उठले. आमच्याकडे वाढल्या पानावरून उठणं म्हणजे वाढणाऱ्याच्या तोंडात मारणं. आणि इथे यजमान साक्षात महाराज! सगळी पंगत हात आखडून बसली.

“झाला!” मी खांबाला धरून उडी मारली. “अपमान झाला!”

“तोंडातून एक शब्द तरी गेला काय?” साडू धावत आला. “शर्त जिभेची होती!”

“वाढल्या पानावरून उठला तो! ते काय मग आरती हाय?”

“त्याले फोन आला होता!”

“फोन महाराजापेक्षा मोठा हाय काय बे?”

दोघंही गुरुजींकडे वळलो. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. एवढा वेळ त्यांनी शाळेत कोणाला नापास करायलाही घेतला नसेल. मग ते उठले, सरळ महाराजांपुढे गेले आणि हात जोडून सगळं सांगून मोकळे झाले. शर्त, घुंगरमाळा, झडती, सगळं! मला मांडवाच्या कनातीत शिरावंसं वाटलं. “तर महाराज,” गुरुजी म्हणाले, “तुमीच सांगा. तुमचा अपमान झाला का नाही?”

महाराजांनी एकदा रिकाम्या झालेल्या चाळीस जागांकडे बघितलं, एकदा दुसऱ्या पंगतीसाठी ताटकळत उभ्या बायाबापड्यांकडे, आणि मग वाढप्याच्या हातातल्या अर्ध्या बादलीकडे. समोरचा माइक अजून सुरूच होता.

“अपमान कायचा बाप्पा! बरं झालं गेले ते. वांग्याची भाजी पुरते आता!”